मूत्राशयाचे गाऱ्हाणे, मज्जारज्जूचे कारण

मूत्रविसर्जन ही क्रिया इतकी सहज घडते की तिच्यामागे केवढी यंत्रणा राबत असते, हे निरोगी माणसाच्या मनातही येत नाही. ती बिघडली, की मात्र साऱ्या घराची दिनचर्या तिच्याभोवती फिरू लागते. त्यातून विषय लज्जेचा. म्हणून तो कुजबुजीनेच बोलला जातो आणि डॉक्टरांकडे जाण्यास उशीर होतो. लघवी वारंवार लागणे, नकळत सुटणे, तुंबून राहणे, पुन्हापुन्हा जंतुदोष होणे, अशा तक्रारींवर कित्येक जण वर्षानुवर्षे केवळ मूत्राशयासाठी औषधे घेत राहतात. पुष्कळदा दोष मूत्राशयात, वाढलेल्या ग्रंथीत किंवा मधुमेहात असतो, हे खरे. परंतु काही रोग्यांच्या बाबतीत दुखणे एका जागी आणि त्याचे मूळ दुसऱ्याच जागी, म्हणजे पाठीच्या कण्यात असते. आज त्याचाच विचार करू.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ते साठत असताना पिशवी सैल राहते आणि तिच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे आवळलेले असते. विसर्जनाच्या वेळी याच्या नेमके उलट घडते. या दोहोंचा मेळ घालणारे केंद्र मेंदूच्या तळाकडील भागात असून, त्याचे निरोप मज्जारज्जूमधून खाली उतरतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या टोकाकडील भागातच मूत्राशयाचे स्थानिक ठाणे असते आणि तेथून पुढे मज्जातंतूंचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा खाली जातो.

आता ही वाट अपघाताने, गाठीमुळे, सरकलेल्या चकतीमुळे किंवा आपल्या देशात अजूनही आढळणाऱ्या मणक्याच्या क्षयामुळे तुटली अथवा दबली, तर काय होते? इजा कोठे झाली यावर ते अवलंबून असते. ती स्थानिक ठाण्याच्या वर असेल, तर पहिल्या काही आठवड्यांच्या स्तब्धतेनंतर मूत्राशय मेंदूची आज्ञा न घेताच आकुंचन पावू लागते. थोडे मूत्र साठले तरी ते उसळते. पण तोंडाशी असलेले कडे त्याच वेळी सैल होत नाही. आतला दाब वाढतो आणि त्याचा भार वर मूत्रपिंडांवर पडतो. इजा ठाण्यालाच किंवा त्याखालील तंतूंना झाली असेल, तर मूत्राशय लुळे पडते. ते भरत जाते, ताणते आणि अखेर भरलेली घागर काठावरून ओसंडावी तसे मूत्र थेंबथेंब गळू लागते. घरच्या माणसांचा येथेच घात होतो. लघवी तर सारखी होत आहे, मग ती तुंबली कशी म्हणावी, असे त्यांना वाटते. गळणे म्हणजे रिकामे होणे नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

खरा धोका मूत्रपिंडांना असतो. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला जखम झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. ते जखमेपेक्षा शय्याव्रणांमुळे आणि मूत्रमार्गाच्या जंतुदोषामुळे. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग चालवावयास घेतला आणि मूत्राशयाच्या निगेला उपचारांत प्रमुख स्थान दिले. पुढे १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी आणखी सोपी वाट दाखविली. ठरावीक वेळी रोग्याने स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करावे आणि नळी काढून ठेवावी. जंतूंपेक्षाही ताणलेले, तुंबलेले मूत्राशय अधिक घातक असते, असा त्यांचा विचार होता. म्हणून शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेचा आग्रह न धरता त्यांनी साबणाने धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि वेळेची शिस्त यांवर भर दिला. आज हीच पद्धत जगभर मान्य आहे.

ही नळी साधारणतः दर ४ ते ६ तासांनी घालतात. एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक मूत्र साठू नये, हा तिचा मोजमाप. रोग्याच्या हातात बळ नसेल तर घरातील कोणीही ती डॉक्टरांकडून वा परिचारिकेकडून शिकू शकते. लघवीच्या भीतीने पाणी तोडणारे रोगी पुष्कळ. त्याने मूत्र दाट होते आणि खडे धरतात. पाणी किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूत्रात केवळ जंतू सापडले, पण ताप वा अन्य त्रास नाही, तर आपल्या मनाने औषधे घेऊ नयेत. मूत्रपिंडांची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील त्या अंतराने, काही त्रास नसला तरी, अवश्य करावी.

तीन प्रसंगी विलंब मुळीच करू नये. पाठदुखीबरोबर लघवी अडली, आणि खोगिराला टेकतो तेवढा बैठकीचा भाग बधिर झाला, तर तो शेपटीसारख्या तंतूंवरील दाब समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; तास निसटले की गेलेले बळ परत येईलच असे नाही. दुसरा प्रसंग छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्यांचा. अशा रोग्याला एकाएकी डोके फुटल्यासारखे वाटून चेहऱ्यावर घाम आला, तर बहुधा भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब चढलेला असतो. त्याला ताबडतोब उठवून बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, नळी मुडपली वा तुंबली आहे का पाहून मूत्राशय रिकामे करावे, आणि डॉक्टरांना बोलवावे. तिसरा, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणे.

माता-पित्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूल मोठे झाले तरी दिवसाही कपडे ओले करते, बद्धकोष्ठ आहे, चाल बिघडत आहे, आणि कमरेच्या खाली केसांचा झुबका, खळगा किंवा उंचवटा दिसतो, तर ते आळशी वा हट्टी आहे असे म्हणून रागावू नये. कदाचित जन्मतःच त्याच्या मज्जारज्जूत व्यंग असेल. अशी व्यंगे टाळण्याचा उपायही सोपा आहे. गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्याने त्यांचा संभव पुष्कळ कमी होतो. पूर्वीच्या अपत्यात असे व्यंग असेल, तर मात्रा अधिक लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी.

चष्मा लावण्याची किंवा काठी घेऊन चालण्याची आपण लाज धरीत नाही. मग वेळेवर नळी घालणाऱ्यानेच का संकोचावे? घरात त्याच्यासाठी दार लावता येईल अशी जागा, हात धुण्यास साबण-पाणी, भिंतीवर घड्याळ आणि प्रवासात थांबण्याची सवड एवढे मिळाले, तर तो शाळेत जाईल, कचेरीत जाईल, संसार करील. औषध डॉक्टर देतील. ही सोय मात्र घरच्यांनीच करावयाची आहे.