निराधाराचा पगार आणि पोराची फी



तालुक्याच्या एका बैठकीत सोयाबीनच्या भावावर बोलणे चालले होते. मागच्या रांगेतला एक शेतकरी उठला. त्याचा उजवा हात कोपरापासून नाही. मळणी यंत्रात गेला. भावाबद्दल त्याने काहीच विचारले नाही. म्हणाला, "पोरगं बारावी पास झालं, अकोल्याले नंबर लागला. त्याले पाठवलं तं माहा पगार बंद तं नाही होनार?" पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान. बैठकीत कोणाजवळ उत्तर नव्हते. आम्ही "पाहू" म्हणालो आणि पुन्हा भावावर आलो. हे आमचे चुकलेच.

असे का झाले, तेही सांगून टाकतो. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा देत आपण मोठे झालो. अनुदानाचा विषय निघाला की आपल्यातले जुने कार्यकर्ते अवघडतात. सूट-सबसिडीचा तुकडा टाकायचा आणि भाव पाडून दसपट काढून घ्यायचे, हा सरकारचा कावा शरद जोशींनी आपल्याला उलगडून दाखवला. त्यामुळे अनुदान मागणे म्हणजे हात पसरणे, असे मनात पक्के बसले. पण ज्याला पसरायला एकच हात उरला आहे, त्याचा हिशेब वेगळा मांडायला नको काय?

हा हात गेला कुठे? दारू पिऊन भांडणात गेला नाही. देशाला तेल पुरवणारे सोयाबीन काढताना गेला. कारखान्यात गेला असता तर भरपाईचा हक्क होता. कामगाराचे वय आणि मजुरी पाहून रक्कम ठरवणारा कायदा इंग्रजांच्या अमदानीत, १९२३ सालीच झाला. स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला मात्र असा हक्क नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. आधी ती विम्याची होती, २०२३ पासून सानुग्रह अनुदानाची झाली. एक हात किंवा एक डोळा गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. माणूस पंचविशीतला की साठीतला, घरात शिकणारी पोरे किती, याचा त्यात विचार नाही. आणि नाव पाहा: सानुग्रह. म्हणजे सरकारची मेहेरबानी.

तो लाख दवाखान्यात जिरतो. त्यानंतर उरतो तो महिन्याचा पगार. निराधार योजना १९८० सालची. कित्येक वर्षे महिन्याला ६०० रुपये मिळत. २०१९ मध्ये १,००० झाले, २०२३ मध्ये १,५००. अपंगांना २,५०० द्यायचे असे मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात ठरवले. वर्षाचे ३० हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने मोजले तर वर्षभराचा पगार म्हणजे पुरते सहा क्विंटल सोयाबीनही नाही. केंद्र सरकारची अपंग पेन्शन तर याहून पातळ: अपंगत्व ८० टक्के पाहिजे, घर दारिद्र्यरेषेखाली पाहिजे, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. मधल्या काळात अपंगाचा दिव्यांग झाला, तेवढाच काय तो विकास.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २४ वे कलम सांगते की इतरांना अशा योजनेत जे मिळते त्यापेक्षा अपंगाला किमान २५ टक्के जास्त मिळाले पाहिजे. तरी राज्यात कित्येक वर्षे दोघांना एकच रक्कम मिळत राहिली. कायदा दिल्लीत पास होतो; तहसीलच्या खिडकीपर्यंत यायला त्याला एस.टी. मिळत नाही.

आता कॉलेजाकडे येऊ. लेकरांना शिकवायला पैसा लागतो हे सरकारला समजत नाही असे नाही. २०१९ मध्ये रक्कम वाढवताना विधवा बहिणीला एक मूल असेल तर ११०० आणि दोन असतील तर १२०० रुपये ठरवले होते. म्हणजे एका लेकराचा महिन्याचा खर्च १०० रुपये धरला! आणि अपंग बापाच्या लेकराला तेवढाही धरला नाही.

खरी मेख उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. निराधार योजनेत अपंगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये. बायकोची मजुरी दिवसाला ३०० रुपये धरली तर १६७ दिवस काम केले की घर मर्यादेच्या बाहेर. पोराने सुट्टीत कुठे काम धरले तर त्याच्याही आधी. इकडे हेच राज्य कॉलेजाच्या फी-सवलतीसाठी ८ लाखांपर्यंतचे उत्पन्न चालते म्हणते. एकाच तहसीलातून निघणारा एकच दाखला. एका टेबलावर ८ लाखवाला गरजू, दुसऱ्या टेबलावर ५१ हजारवाला सधन.

बँकेत गेले तर तिसरीच तऱ्हा. शैक्षणिक कर्जाला बापाची सही सहकर्जदार म्हणून लागते, आणि बापाच्या दाखल्यावरचे उत्पन्न पाहून साहेब मान हलवतो. पगारासाठी दाखला ५० हजारांच्या आत पाहिजे, आणि तोच दाखला कर्जाच्या आड येतो. या माणसाने कोणत्या टेबलावर खरे बोलावे?

मुलींचे थोडे बरे आहे. २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण फी माफ झाली. खुल्या वर्गातल्या आणि ओबीसी मुलांना निम्मी. पण फी म्हणजे कॉलेज नव्हे. खोलीभाडे, मेस, गाडीभाडे, पुस्तके यांना माफी नाही. काही संस्था तर आधी पूर्ण फी भरून घेतात आणि शिष्यवृत्ती आली की परत देऊ म्हणतात. ती वेळ नेमकी जून-जुलैची, बियाणे-खताची. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. भाऊसाहेबांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून वऱ्हाडातल्या कुणब्यांच्या पोरांना कॉलेजची वाट दाखवली, त्यांचे नाव योजनेला शोभते. पण अर्ज ऑनलाइन, आणि पैसे येईपर्यंत खोलीचा मालक थांबत नाही.

म्हणून त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना, देतो. पोराचे नाव कॉलेजात घातले एवढ्याने पगार बंद होत नाही. दाखल्यावरचे उत्पन्न मर्यादेच्या वर गेले तर होतो. तेव्हा बेलाशक पाठव. पण तुझी भीती खोटी नव्हती, कारण पोराने शिकता शिकता चार पैसे कमावले तर त्याची शिक्षा बापाला, अशीच ही रचना आहे. अपंगाच्या घराला पगारातून सुटण्याची एकच वाट म्हणजे लेकरांचे शिक्षण. सरकारने नेमका तिथेच नाका बसवला आहे.

आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून अपंगांना महिन्याला ६,००० रुपये मिळू लागले. आपल्याकडे बच्चू कडूंनी जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, त्यातही कर्जमाफीच्या बरोबरीने ६,००० चीच मागणी होती. आकड्यावर आमचा वाद नाही. मात्र दाखल्याचा प्रश्न सुटल्याशिवाय नुसता आकडा वाढवून शिकणाऱ्या पोरांचे भागणार नाही.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. अपंग शेतकऱ्याच्या शिकणाऱ्या मुलामुलींची आणि त्याच्या बायकोची मजुरी निराधार योजनेच्या उत्पन्नात धरू नये. कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येक अपत्यामागे पगारात वेगळी रक्कम असावी, आणि ती जूनच्या आत मिळावी. शेतीकामात आलेल्या अपंगत्वाला सानुग्रह नव्हे, वय आणि कुटुंब पाहून भरपाई मिळावी. ही भीक नाही. ज्या घामाचे दाम कधी मिळाले नाही, त्याच घामाची ही थकबाकी आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने यादी आणावी: मळणी यंत्र, विजेचा शॉक, विहीर, फवारणी, साप यांमुळे अपंग झालेले शेतकरी आणि मजूर किती, कोणाचा पगार का बंद झाला, आणि त्यांच्यापैकी कोणाची पोरे बारावीनंतर घरी बसली. तो अकोल्याचा पोरगा यादी लिहायला येतो म्हणाला आहे.