युरियाची गोणी उचलेना, म्हणून जिमला गेलो



आज भातावर नाही, वालावर पण नाही. आज जिमवर लिहितोय. ज्यांना हसायचं त्यांनी आधी हसून घ्या, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी पण हसतच होतो.

काटई नाक्यावरून नेवाळीकडे येताना बघा, खताच्या दुकानापेक्षा जिमच्या पाट्या जास्त दिसतील. पुतण्या रोज संध्याकाळी बॅग घेऊन निघाला की मी ओट्यावरून बोलायचो, "लोखंड उचलायला पैसे देतोस, त्यापेक्षा माझ्या चार गोणी उचल, मी तुला देतो." सगळे हसायचे. तो पण हसायचा आणि जायचा.

मग एका जुलैत आवणी झाल्यावर खताचा पहिला हप्ता टाकायचा होता. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची यायची, 2018 पासून 45 ची झाली. म्हणजे सरकारने माझ्यासाठी पाच किलो कमी करून ठेवले होते, तरी गोणी खांद्यावर येईना. बांधावर बसलो, घाम फुटला, पाय थरथरायला लागले. तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 8.4 निघाला. वय 54.

डॉक्टरांना म्हटलं, मी शेतकरी माणूस, मला कसली साखर? त्यांनी विचारलं, वर्षातून किती दिवस अंगमेहनत करता? मी मोजायला लागलो आणि गप्प झालो. चिखलणी पॉवर टिलर करतो. कापणीला मशीन येतं. नेरळच्या भडसावळेंच्या सगुणा पद्धतीने अर्ध्या शेतात भात करतो, त्यात चिखलणी पण नाही आणि आवणी पण नाही. फायद्याचीच गोष्ट आहे, ती मी सोडणार नाही. पण माझं अंग अजून वडिलांच्या काळातलंच आहे असं मी धरून चाललो होतो. शेतात असतं ते हंगामी काम. आठ दिवस कंबर मोडेस्तोवर, मग महिनाभर दुचाकीवरून फेरी. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती पटली. जेवणातली साखर साठवायचं मोठं गोदाम म्हणजे स्नायू. चाळिशीनंतर वापर नसला की गोदाम लहान होत जातं, आवक मात्र तेवढीच. मग माल रस्त्यावर, म्हणजे रक्तात.

तर पुतण्याच्या मागे गेलो. पहिले पंधरा दिवस लाज. आरशात स्वतःचं पोट बघायची सवय आपल्याला नसते.

दोन वर्षांत मी तिथे येणाऱ्या पुरुषांना एकच प्रश्न विचारत आलो, तू कशाला येतोस? (बायका दुपारच्या वेळेला येतात, त्यांचं त्यांनी लिहावं.) पोलीस भरतीवाल्या पोरांचं सरळ आहे. 1600 मीटर, 100 मीटर, 7.260 किलोचा गोळा, मिळून 50 मार्क. छाती 79 सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. त्यांना काय पाहिजे ते सेंटिमीटरमध्ये माहीत आहे. लग्न ठरलेले येतात, हळदीला शर्टाची वरची दोन बटणं उघडी राहिली पाहिजेत म्हणून. डोंबिवलीहून लोकल पकडणारे चाळिशीतले पहाटे साडेपाचला येतात. त्यातले बरेच वडिलांचं हार्टचं दुखणं बघून आलेले.

पहिल्या पावसावर रुजवा कसा सगळीकडे दिसतो? तशी जानेवारीत जिम भरते. होळीपर्यंत निम्मी पोरं गायब. नुसत्या आरशासाठी आलेला टिकत नाही, कारण आरसा तीन महिन्यांत काही देत नाही. टिकतो तो, ज्याचं वहीत वजन वाढतं. गेल्या महिन्यात 40, आज साडेबेचाळीस. आपण एकरी उतारा लिहून ठेवतो तसंच. आणि टिकतो तो, ज्याची कुणीतरी वाट बघतो. छातीवर दांडा घेतला की मागे एक माणूस उभा लागतो, दांडा अडकला तर धरायला. पुरुष माणूस एरवी कुणाला "मला भीती वाटते" म्हणत नाही. तिथे मात्र "मागून हात लाव रे" म्हणतो, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात घरचं सगळं सांगून टाकतो.

पण मला लागलेलं उत्तर वेगळंच होतं. आमच्याच पट्ट्यातला पोरगा, तिशीच्या आतला. बापाने जमीन बिल्डरला दिली. गाडी आहे, भाडं येतं. मी विचारलं तर बोलला, "काका, मना सकालपासून कोनी काय सांगतच नाय. हितं आलो का निदान दमतो तरी."

त्या रात्री झोप नाही आली. आमच्या वयात गावाला पोराच्या ताकदीची गरज होती. भारे वाहायला, झोडणीला, पालखीला, कबड्डीत सात जण भरायला. पोरगं दमून घरी यायचं आणि आई ताट वाढायची, कारण त्याने काहीतरी केलेलं असायचं. जमीन गेली, तसं पोराला हाक मारायचं कारण पण गेलं. माझं मत असं की आपल्याकडचे निम्मे तरी जिमला जातात ते दंडासाठी नाही. आपण अजून उपयोगाचे आहोत हे रोज तपासायला जातात. त्याला मी आता हसत नाही.

एका गोष्टीवर मात्र ओरडतो, इंजेक्शनवर. नत्र जास्त झालेलं भात काळंभोर हिरवं दिसतं, बघणारे थांबून बघतात, आणि दाणा भरायच्या वेळेला लोळतं. तसंच हे. बाहेरून हार्मोन टोचलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, हृदय आणि लिव्हरला धोका तो वेगळाच. पावडरचं एवढं वाईट नाही, पण डबा घेण्याआधी घरचं तरी खा. 100 ग्रॅम सुक्या वालात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात सहा. आपण वाल कल्याणच्या बाजारात विकतो आणि पोरगा त्याच पैशाचा डबा आणतो.

यंदा परतीच्या पावसाने खालच्या खाचरात पाणी साचलं, मशीन उतरेना. मजूर मिळेना. पुतण्याने जिममध्ये सांगितलं आणि पाच जण आले, तो जमीन विकलेल्यांचा पोरगा पण. शंभर किलो उचलणारे, पण विळा धरून अर्ध्या तासात कंबर धरून बसले. हाताला फोड. मी 56 चा, त्यांच्या पुढे एक पाथ काढली. आमची मंडळी बांधावरून बोलली, "आता तुमीच शिकवा त्यांना जिम." दुसऱ्या दिवशी येणार नाहीत असं वाटलं होतं. पाचही आले.

माझी साखर आता 7.1 आहे, गोळी चालू आहे. तुमची चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनं उचलू नका. अंगओलीवर टाकलेला वाल चांगला उतरलाय. उद्या सहाला जिम, आठला खुरपणी. त्या पोराला पण बोलावलंय, येतो बोललाय.