क्यूआर कोड काढला म्हणजे जीएसटी टळला का?

साकीनाका मेट्रो स्टेशनवरून उतरलो की ऑफिसच्या वाटेवर मी एका टपरीवर चहा घेतो. परवा सवयीने फोन काढला, तर काका म्हणाले, "सुट्टे दे रे, स्कॅन बंद केलंय." का, तर व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता: 'यूपीआय घेतलं की जीएसटीची नोटीस येते.'

मेसेज अर्धा खरा आहे. त्यामुळे आधी नेमकं काय झालं ते बघू.

नोटिसा कुठून आल्या?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर विभागाने हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांची यूपीआयची माहिती तपासली होती. खात्यात मर्यादेपेक्षा जास्त पैसे आलेत, पण जीएसटी नोंदणी नाही, असे लोक त्यात सापडले. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर सुमारे १.६३ कोटींच्या व्यवहारांवर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर मुळात जीएसटीच नाही! बंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख'चे बोर्ड लागले. शेवटी २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली. जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण नोंदणी करा, असं त्यांनी सांगितलं.

ही गोष्ट कर्नाटकातली असली तरी जीएसटीच्या मर्यादा आपल्याकडेही त्याच आहेत.

मर्यादा कशावर मोजतात?

फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाख, सेवा देत असाल तर २० लाख. तयार चहा-नाश्ता देणं हे जीएसटीत सेवा धरलं जातं. म्हणजे टपरीसाठी मर्यादा २० लाख, दिवसाला साधारण ५,४८० रुपये.

आता महत्त्वाचं. ही मर्यादा एकूण विक्रीवर आहे, यूपीआयवर नाही. गल्ल्यात आलेली रोख रक्कमही त्यात धरायची असते. क्यूआर काढल्याने विक्री कमी होत नाही, फक्त तिची नोंद राहत नाही. आणि यूपीआयने पैसे घेतले म्हणून वेगळा जीएसटी लागत नाही.

मग घोळ कुठे होतो?

काकांचा गल्ला दिवसाला चार हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला १४.६ लाख. मर्यादेच्या बरंच खाली. पण त्यांचा क्यूआर त्यांच्या घरच्याच बचत खात्याचा आहे. त्याच खात्यात भिशीचे ३ लाख आले आणि गावच्या घरासाठी भावाने ४ लाख पाठवले. बेरीज झाली २१.६ लाख!

कॉम्प्युटरला यातली भिशी कुठली आणि चहा कुठला, ते कळत नाही. दुकानासाठी घेतलेला मर्चंट क्यूआर असेल तर व्यवहारावर धंद्याच्या प्रकाराचा कोड लागतो. पर्सनल क्यूआरवर मात्र गिऱ्हाईक आणि भाऊ दोघंही सारखेच, 'एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवले' एवढंच दिसतं. फरक सिद्ध करायची वेळ मग दुकानदारावर येते, तीही चार वर्षांनी.

खरंच मर्यादा ओलांडली तर?

नोंदणी करावी लागते. दीड कोटीपर्यंतच्या धंद्यासाठी कंपोझिशन योजना आहे. खाण्यापिण्याच्या धंद्याला त्यात विक्रीवर ५ टक्के कर, आणि तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. २५ लाखांच्या विक्रीवर वर्षाला सव्वा लाख, म्हणजे १० रुपयांच्या चहामागे ५० पैसे मालकाच्या खिशातून. छोट्या माणसाला हे जड जातं, हे मान्य. पण न भरता साठत गेलेला कर, वर व्याज आणि दंड, हे त्याहून जड.

उलट, डिजिटल नोंदीचा फायदाही आहे. फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेत आता पहिलं कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळतं आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही आहे.

घरी कुणाचं दुकान असेल तर तुम्ही एवढं करून द्या

- धंद्यासाठी वेगळं खातं आणि त्याला जोडलेला मर्चंट क्यूआर.
- रोजची रोख विक्री फोनमधल्या साध्या शीटमध्ये.
- दर महिन्याला खात्याचं स्टेटमेंट डाउनलोड. जुन्या खात्यात भिशी, उसने, घरचे पैसे आले असतील तर त्यापुढे लिहून ठेवा.
- वर्षाची बेरीज एप्रिल ते मार्च अशी करा. मर्यादा जवळ आली की सीएला किंवा कर सल्लागाराला भेटा.
- नोटीस आलीच तर मेसेजमधल्या लिंकवर क्लिक न करता जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ती खरी आहे का बघा. खरी असेल तर मुदतीत उत्तर द्या. नोटीस म्हणजे अंतिम निकाल नव्हे, पण गप्प बसलात तर तसा होऊ शकतो.

काकांच्या नव्या खात्याचं काम चालू आहे. तोपर्यंत मी सुट्टे घेऊन जातोय.