सरासरी पाऊस

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. कंटाळा, दुसरं काय! पण परवा पावसाची वही चाळत बसलो होतो आणि डोक्यात जे काही सुरू झालं ते लिहून टाकल्याशिवाय थांबेल असं वाटेना.

पावसाची वही म्हणजे काय ते आधी सांगतो. पुण्यात आमच्या गच्चीवर माझी एक काचेची बरणी आहे. सरळसोट, तोंडाला आणि बुडाला सारखीच रुंद. बाहेरून फूटपट्टी चिकटवली की झालं घरगुती पर्जन्यमापक. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याचीही हीच वेळ, म्हटलं आपणही शिस्तीत वागावं) पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि बरणी ओतून टाकायची. बायकोच्या मते हे रिकामटेकडे उद्योग आहेत. असतीलही. पण या उद्योगातून एक गोष्ट मला फार लवकर कळली. माझ्या बरणीत ३० मिलिमीटर पडलेला असतो त्या दिवशी हडपसरला राहणारा मित्र फोनवर म्हणतो, "पाऊस? कुठला पाऊस? मी गाडी धुतोय."

तर वहीत २०२५ च्या पानात मी एक कात्रण ठेवलं होतं. मॉन्सूनचे चार महिने संपले, देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. आपल्याकडे चार महिन्यांची सरासरी ८७ सेंटीमीटर धरतात आणि ९६ ते १०४ टक्क्यांत आकडा बसला की पाऊस 'सर्वसाधारण' म्हणायचा. म्हणजे १०८ टक्के तर उत्तमच! त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात शेतं वाहून गेली होती, नुसतं पीक नव्हे, माती खरवडून गेली होती. दोन्ही बातम्या खऱ्या. आकडा खोटा नाही. पण त्या आकड्यात ती माती कुठेच नाही.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेलच. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. आता करा सरासरी. साधारण ५०८ येते. म्हणजे शाळेत दहापैकी दहा गुण मिळतील, पण त्या दोन बरण्यांपैकी एकीतही ५०८ मिलिमीटर पाणी नव्हतं.

क्रिकेटमध्ये तरी वेगळं काय? २०२५ चा महिला विश्वचषक घ्या. शफाली वर्मा मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन उपांत्य फेरीआधी तिला बोलावलं. खेळली दोन डाव, १० आणि ८७. सरासरी ४८.५. पण नवी मुंबईला २ नोव्हेंबरला पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झालेल्या त्या अंतिम सामन्यात आम्ही सगळे सोफ्यावर पाय वर घेऊन बघत होतो ते ८७, आणि नंतर तिने काढलेल्या दोन विकेट. साडेअठ्ठेचाळीस धावा कोणीच पाहिल्या नाहीत. खुद्द ब्रॅडमनसाहेबांची ९९.९४ म्हणजे तर सरासऱ्यांचा देवच, पण तिच्या पोटात १९४८ चं ओव्हलवरचं शून्य आहेच की.

खेळात याची गंमत वाटते. खेळ संपला की टीव्ही बंद करून आपण झोपतो. गंमत संपते ती आमच्या मामाच्या शेतात.

मामाची धाराशिवकडे तीन एकर आहे, सोयाबीन असतं. २०२२ च्या ऑगस्टात एका रात्री त्याच्या शिवारावर ढग असा काही फुटला की सकाळी बांध दिसेना. शेंगा भरत आलेल्या. नियम असा की महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरायची. मंडळात गावं अनेक आणि मापक एका ठिकाणी. त्या मापकात पडला ५८. मी मोठ्या उत्साहाने फोनवर विचारलं, "मामा, तुमच्याकडे किती मिलिमीटर झाला?" मामा शांतपणे म्हणाला, "आरं, पाणी शेतात पडलं, त्यांच्या भांड्यात पडलं न्हाई. आमचंच चुकलं."

मग मी माझा आवडता हिशेब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर साधारण चार हजार लिटर. सात मिलिमीटर कमी पडले म्हणजे एकरी अठ्ठावीस हजार लिटर, जवळजवळ तीन टँकर. पाण्याखाली गेलेल्या शेताला तीन टँकर पाणी कमी पडलं म्हणून ते कागदावर बुडालं नाही!

तुम्ही म्हणाल, मग काय प्रत्येक बांधावर मापक लावायचा का? नाही, कबूल. सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि दुरून बघणाऱ्याला एक आकडा लागतोच. धरणात पाणी किती येईल, देशात धान्य पुरेल का, या प्रश्नांना सरासरी हेच उत्तर आहे आणि चांगलं उत्तर आहे. माझं भांडण सरासरीशी नाहीच. देशाच्या प्रश्नाचं उत्तर मामाच्या प्रश्नाला चिकटवलं जातं, त्याच्याशी आहे. एका भांड्यातला आकडा वीस गावांच्या नावावर लिहायचा असेल तर निदान, "आमच्याकडे वेगळं झालं" असं म्हणणाऱ्या माणसाकडे जाऊन बघायची सोय हवी. ग्रामपंचायतीगणिक हवामान केंद्रं बसवायची योजना आखली गेली आहे. बसोत, चालोत, आणि मुख्य म्हणजे त्यांचा आकडा कोणीतरी वाचो.

आणि आपणही थोडं सुधारायला हवं. 'यंदा पाऊस चांगला झाला' असं चहा पिता पिता म्हणणाऱ्यांत मीही होतो. आता जीभ चावतो. कुठे झाला, कधी झाला, एका रात्रीत की चार महिन्यांत, एवढं तरी विचारावं.

असो. पुढच्या पावसाळ्यात मी मामाला तशीच एक बरणी नेऊन दिली. ऑफिसात ती कोणी धरणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे. तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो रोज तारखेच्या चौकोनात आकडा लिहितो. का लिहितोस विचारलं तर म्हणाला, "त्यांचा त्यांच्यापाशी, आपला आपल्यापाशी असू दे."

मामी मात्र अजून विचारते, लोणचं कशात घालायचं?