विक्रम की केवळ प्रयोग?

बुलढाणा - येथून राजूर घाट उतरून मलकापूरच्या दिशेने कोणी मॅरेथॉन धावला, तर वेळ कितीही कमी लागो, तो विक्रम ठरणार नाही. विक्रमासाठी मार्गाचा उतार किलोमीटरमागे सरासरी १ मीटरपेक्षा अधिक चालत नाही.

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात एलिउड किपचोगे यांनी १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर पार केले. तेथे रस्ता सपाट होता. मात्र स्पर्धा खुली नव्हती. ४१ साथीदार आळीपाळीने वारा अडवीत होते, पुढील मोटार लेझरने गती दाखवीत होती. साहजिकच ही वेळ अधिकृत विक्रमांत गेली नाही. २०२२ मध्ये बर्लिनच्या खुल्या शर्यतीतील त्यांची २ तास १ मिनिट ९ सेकंदांची वेळ मात्र विश्वविक्रम ठरली.

व्हिएन्नातील धाव निरर्थक नव्हती. मानवी शरीराची क्षमता तिने सिद्ध केली. विक्रम मात्र समान नियमांतील तुलनेतूनच ठरतो. पोलिस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या जिल्ह्यातील तरुणांना हे वेगळे सांगावे लागत नाही. सरावातील वेळ आत्मविश्वास देते. गुण मिळतात ते मैदानी चाचणीतील वेळेलाच.