जुन्या नोटांचे मोल

घरच्या पेटीत सापडलेली नोट जुनी आहे, किंवा तिच्या क्रमांकात 786 हे आकडे आहेत, एवढ्यावरून ती लाखो रुपयांना विकली जाईल असे भासविणाऱ्या जाहिरातींचा आज जो सुळसुळाट झाला आहे, त्याने भाबड्या माणसांची फसवणूक तर होतेच. परंतु चलनी कागद हा इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे ही दृष्टीही त्यामुळे लोपत चालली आहे, आणि मला अधिक खेद वाटतो तो या दुसऱ्या हानीचा.

नोटेचे मोल केवळ वयावर ठरत नाही. सहाव्या जॉर्ज बादशहाची छबी असलेली, 1940 साली चलनात आलेली एक रुपयाची नोट आजही विपुल मिळते, म्हणून तिचा दाम बेताचा; उलट हज यात्रेकरूंसाठी रिझर्व्ह बँकेने 1959 साली काढलेल्या, क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असलेल्या 10 व 100 रुपयांच्या नोटा वयाने लहान असूनही दुर्मिळ, आणि म्हणूनच महाग.

1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारकडे आला, त्यानंतरच्या एकाच बाजूस छापलेल्या नोटांवर मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची अशा ज्या सर्कलचे, म्हणजे चलन-विभागाचे, नाव असे, त्यावरूनही आज किमतीत मोठी तफावत पडते. अशी नोट टपालाने धाडताना व्यापारी तिचे दोन तुकडे करीत, आणि पहिला पोचल्याची खबर आल्यावरच दुसरा रवाना करीत; असे पुन्हा जुळवलेले तुकडे हाती आले, तर बाजारात अखंड नोटेहून त्यांना कमी दाम मिळतो म्हणून त्यांची हेळसांड न करता, त्या काळच्या सावकारी व्यवहाराची प्रत्यक्ष साक्ष म्हणून ते जपावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे 1918 साली निघालेल्या अडीच रुपयांच्या नोटेवर ‘बी’ हे अक्षर दिसले, तर ती मुंबई सर्कलची समजावी.

कोरी करकरीत नोट आणि तीच घड्या पडलेली, मळलेली नोट यांच्या दामात अनेक पटींचे अंतर असते; परंतु म्हणून ती धुणे, तिच्यावर इस्त्री फिरविणे किंवा चिकटपट्टी लावणे म्हणजे उरलेले मोलही घालविणे होय.

जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही व त्यासाठी आपण कोणतेही शुल्क वा दलाली घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 साली जाहीर केले आहे. तेव्हा बँकेच्या नावाने कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास एक पैही देऊ नये. तशाच नोटेला लिलावात प्रत्यक्ष काय दाम आला ते आधी पाहावे, आणि विकण्यापूर्वी ती घरात कोणाकडून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे.