शिक्षा संपते कधी?

२६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन, तसाच तो ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिवस. १७८८ साली याच तारखेला इंग्रजांनी सिडनीला झेंडा रोवला. जहाजांतून आणले होते सातशेहून जास्त कैदी, बरेचसे भुरट्या चोऱ्यांत सापडलेले. १८६८ पर्यंत असे दीड लाखाहून अधिक कैदी तिकडे धाडले गेले आणि १९०१ साली त्या वसाहतींचं एक राष्ट्र झालं!

आता यात सगळंच गोड नाही. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती. त्यांच्यातले कितीतरी जण त्या तारखेला आक्रमणाचा दिवस म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कैद्यांचं पाठवणं थांबल्यावर तीनच वर्षांनी, १८७१ साली, याच इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटे... जमातच्या जमात गुन्हेगार! पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट. तिथली माणसं गिरण्यांत राबली.

तिकडच्या कैद्याला सात किंवा चौदा वर्षं, फार तर जन्मठेप. मुदत भरली की तो मोकळा, कित्येकांना जमीनही मिळाली. त्याचं पोर मोकळंच जन्मायचं. इथे मात्र शिक्षा जन्मापासूनच, आणि गुन्हा कुठला ते कुणीच सांगायचं नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. पण मनातून? नगर-मनमाड रस्त्यावरचं आमचं कोल्हार काय किंवा दुसरं कुठलं गाव काय, चोरी झाली की पहिलं बोट गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्यांकडेच जातं. 'उचल्या' आणि 'उपरा' आपण वाचली, वाहवा केली, साहित्य अकादमीचे पुरस्कारही दिले. बोट काही खाली आलं नाही.

ऑस्ट्रेलियातही कैदी पूर्वज लपवायची रीत होतीच. आज तिथले लोक जुन्या नोंदी उपसून आपला कैदी पणजोबा शोधतात आणि सापडला की कौतुकाने सांगतात. चोरांच्या वस्तीचं राष्ट्र झालं ते काही ती माणसं एकाएकी साधुसंत झाली म्हणून नव्हे. त्यांची शिक्षा कधीतरी संपत होती, म्हणून झालं.

आपण ती कधी संपवणार? निदान ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनाला, घरातल्या पोरांना एवढं तरी सांगूया.